खालच्या माणसाचा शब्द

१

डोमाजी मेश्राम सकाळी उठला की तोंड धुवायचा, अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटवर तळहात ठेवायचा आणि मगच चहाला बसायचा. गाडी घरी आली त्या दिवसापासूनचा हा नेम. कारखान्यात होता तेव्हाही हत्यार लावण्याआधी तो यंत्रावर असाच हात ठेवायचा. ती पूजा नव्हती. यंत्र थंड आहे की गरम, मुकं आहे की थरथरतं, ते हाताला कळतं, एवढंच.

गाडी म्हणजे सैन्यानं मोडीत काढलेला जुना ट्रक. या हिंदी मुलुखातल्या शहराच्या कडेला, रिछाईत, एका भंगारवाल्याच्या मागच्या आवारात, बाभळीखाली, चाकं मातीत रुतलेला. सैन्याच्या गाड्या बनवणाऱ्या ज्या कारखान्यात डोमाजीनं उभं आयुष्य ब्रेक बसवण्यात काढलं, तिथूनच हा ट्रक कधीतरी निघाला होता. तिथून हजारो गाड्या निघाल्या. या गाडीचे ब्रेक नेमके कोणाच्या हातचे, ते कोण सांगणार? डोमाजीनं मागच्या चाकाखाली डोकं घातलं, वर आला, हात झटकले आणि म्हणाला, "माझं काम आहे." त्यावर कोणी वाद घातला नाही. त्याच्याशी सहसा कोणी घालत नसे.

क्रेननं गाडी ओढत आणली तेव्हा गल्ली गोळा झाली. विहाराच्या समितीचा सचिव योगेंद्र पुढं आला.

"काकाजी, बड़ी चीज आणली बापा. निंबू-मिर्ची लटकवू का समोर?"

"तू विहाराचा सचिव ना?"

"हो ना."

"अन् निंबू लटकवते?"

लोक हसले. योगेंद्रही हसला, जरा ओशाळून. "ट्रकले लावतेच ना सगळे, म्हणून म्हटलं."

"यंत्राले तेल लागते. निंबू नाही लागत. आपण प्रतिज्ञा घेतल्या त्या काय भिंतीवर टांगाले?"

संध्याकाळी मुलगा आला. अश्वजीत विजय नगरात फ्लॅट घेऊन राहायचा. हापिसातला माणूस, बोलणं अर्धं हिंदीतलं. त्यानं गाडीला एक फेरी मारली.

"बाबा, ये काहून आणली? या वयात कोण करेल हे सगळं?"

"मी करीन."

"मी म्हणून राहिलो, जागा विकून टाकू अन् तुम्ही दोघं आमच्याकडं या. यशोधरानं तुमची खोली पण तयार करून ठेवली आहे. तुम्ही हे लोखंड आणून ठेवलं."

डोमाजी गाडीला टेकून उभा राहिला. मग उभ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "यंदा जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर या गाडीवर राहीन. भाड्याच्या ट्रॉलीवर नाही. मी चालवीन. त्या दिवशी गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर पडली, तर गाडी इथंच अन् मीही इथंच. नाही पडली, तर गाडी भंगारात अन् मी तुझ्या खोलीत. चलो, झालं."

चंपाबाई, त्याची बायको, दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझं कोणी विचारलं नाही." आणि आत गेली.

२

नवखा माणूस जुनी गाडी घरी आणतो आणि आधी तिचं इंजिन चालू करायला धावतो. डोमाजी तसं करणाऱ्यातला नव्हता. आधी चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. टाकीतलं शिळं डिझेल काढलं. इंजिनातलं तेल काढलं, ते डांबरासारखं निघालं. हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केलं होतं, ते साफ केलं. मग त्यानं ठरवलं, ब्रेक. जी गाडी थांबू शकत नाही तिला चालायला लावणं म्हणजे पाप, असं तो कारखान्यात नव्या पोरांना सांगायचा, आणि सांगताना असा बघायचा की ते पोरगं रात्री घरी जाऊनही विसरत नसे.

केबिन उघडली. आत वर्षांची धूळ. स्टिअरिंगवर कोळ्याचं जाळं, सीटचा स्पंज फाटलेला, पत्र्यावर सुकलेली बाभळीची पानं. क्लचच्या पॅडलवर बोटभर धूळ. ॲक्सिलरेटरवर तेवढीच.

ब्रेकच्या पॅडलवर नव्हती.

त्याचं रबर काळंभोर होतं, मधोमध गुळगुळीत, जणू आताच कोणी पाय काढून घेतला. डोमाजीनं त्यावर अंगठा फिरवला. अंगठा कोरडा आणि स्वच्छ निघाला.

क्रेनवाल्याच्या माणसानं दाबलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, क्रेनवाल्याचा माणूस केबिनमध्ये चढलाच नव्हता. दार उघडत नव्हतं. ते दार आज त्यानं स्वतः, हातोडीनं, पहिल्यांदा उघडलं होतं.

मग भंगारवाल्याच्या माणसानं. कधीतरी आधी.

त्यानं फडकं ओलं केलं आणि केबिन पुसायला घेतली. ब्रेकचं पॅडल सोडून बाकी सगळं पुसलं.

३

होळी होऊन गेली, उन्हं चढली. डोमाजीनं चारही चाकं उतरवली, ब्रेकचे नवे लायनर बसवले, गंजलेल्या नळ्या बदलल्या. गोहलपुरात आलोकचं गॅरेज आहे, त्याच्याकडून सामान आणायचा. आलोक म्हणायचा, "काकाजी, पोरगं पाठवून देतो मदतीले." डोमाजी म्हणायचा, "सामान दे."

पण एक काम असं होतं की ते एकट्यानं होत नाही. ब्रेकच्या नळीतली हवा काढणं. एक माणूस केबिनमध्ये बसून पॅडल दाबतो. दुसरा चाकामागं आडवा पडून निपल, म्हणजे नळीच्या तोंडाचा छोटा बोल्ट, उघडतो. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. मग निपल कसतो. खालचा म्हणतो, "दाब." वरचा दाबतो आणि धरून ठेवतो. खालचा म्हणतो, "सोड." तेव्हाच वरच्यानं पाय उचलायचा. त्याआधी उचलला आणि निपल उघडा असला, तर हवा परत आत, आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. वरच्याला खालचं काही दिसत नाही. खालच्या माणसाचा शब्द हेच त्याचे डोळे.

कारखान्यात डोमाजी कायम खालचा माणूस. वर कोणी बिहारचा असो, पंजाबचा असो, हुकूम डोमाजीच्या बोलीतच मिळायचा. मराठीचा गंध नसलेले लोक निवृत्त होताना एवढे दोन शब्द सोबत घेऊन गेले, दाब आणि सोड. याचा डोमाजीला मोठा अभिमान. शब्द येण्याआधी ज्यानं पाय उचलला त्याला तो दुसऱ्या दिवशी वर बसू देत नसे. "कच्चा आहे," एवढंच म्हणायचा, आणि त्या माणसाचा विषय संपायचा.

रविवारी अश्वजीत येणार होता. सकाळची दुपार व्हायला आली, त्याचा पत्ता नाही. डोमाजीनं गोणपाट अंथरलं, पाना घेतला, काचेची बाटली घेतली आणि गाडीखाली सरकला. पोरगा आला की वर बसेल. तोवर निपल साफ करून ठेवू.

सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून करतात. मागचं डावं. त्यानं निपल पुसला, नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं, पाना बसवला. आणि हात त्या कामाला लागले तसं तोंडही लागलं. जन्माची सवय.

"दाब," तो म्हणाला.

वर स्प्रिंग कुरकुरली. नळीत तेल आलं, पांढऱ्या बुडबुड्यांसकट.

४

आला वाटते, डोमाजीला वाटलं. उशीर केला म्हणून मुकाट्यानं चढून बसला असेल. बरं झालं. बोलण्यापेक्षा हे बरं.

त्यानं निपल कसला. "सोड."

पॅडल वर आलं. ना आधी, ना नंतर. शब्द संपला आणि आलं.

"दाब." "सोड." "दाब." "सोड."

मागचं उजवं चाक. पुढचं डावं. एवढं चांगलं काम त्याला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. वरच्याचा पाय पक्का होता, जागचा हलत नव्हता. अश्वजीत लहानपणी पाना द्यायला सांगितलं तर पक्कड द्यायचा. तो असं शिकला कधी? डोमाजीच्या छातीत काहीतरी ऊबदार झालं. तोंडावर बोलायचं नाही, पण आज जेवताना पोराच्या ताटात आपल्या हातानं भाकर वाढायची, असं त्यानं ठरवलं.

शेवटचं चाक पुढचं उजवं, ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर खाली. तो तिथं सरकला.

"दाब."

पॅडल खाली आलं. निपलातून स्वच्छ तेल येऊ लागलं, एकही बुडबुडा नाही. झालं होतं. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंपाबाईचा आवाज आला, "अवो! ऐकू येते का?" तिनं दोनदा हाक मारली. मग दार वाजलं, तिचे पाय अंगणातून आले आणि गाडीच्या मागच्या बाजूला थांबले.

"इथं खाली आहात? अश्वजीतचा फोन आहे. आज येणं होत नाही म्हणते. अजून घरीच आहे तो."

डोमाजीच्या हातात पाना होता. वर पॅडल दाबलेलं होतं. डोक्यावर, पत्र्याच्या पलीकडे, कोणीतरी शब्दाची वाट पाहत होतं.

तो गोणपाटासकट बाहेर आला. बाटली लवंडली. उभा राहून त्यानं केबिनच्या काचेतून आत पाहिलं.

कोणी नव्हतं. सीट रिकामी. पॅडल खाली, पत्र्याला टेकलेलं.

तो पाहत राहिला. पॅडल हललं नाही. सोड म्हणावं, असं ओठांवर आलं. पण रिकाम्या केबिनला सोड म्हणायचं, म्हणजे तिथं कोणी आहे हे आपल्या तोंडानं कबूल करायचं. ते त्यानं केलं नाही.

"तुम्ही आता वर होते ना?" चंपाबाई म्हणाली.

"खाली होतो."

"मी खिडकीतून हाक मारली तर बघतही नाही. स्टिअरिंग धरून बसले समोर पाहत. अन् काय वो, निळा फेटा काहून बांधला होता आज? गळ्यात हार काय."

"तुझा मोतीबिंदू वाढून राहिला."

"एका डोळ्याचा काढला ना. त्याच डोळ्यानं पाहिलं." तिनं त्याच्या उघड्या डोक्याकडं, तेलकट बनियनकडं पाहिलं. "चहा ठेवते. या आत."

५

चहा पिऊन तो परत आला तेव्हा पॅडल वर आलेलं होतं.

डोमाजी विचार करणारा माणूस होता. त्यानं कारणं काढली. नवीन तेल, जुनी स्प्रिंग, वर ऊन. दाब कमी-जास्त होतो. पण स्प्रिंगला कान नसतात. तीन चाकं, आणि प्रत्येक वेळी शब्दावर. तो खाली गेला आणि निपल तपासला. घट्ट होता. आपणच कसला असेल. कसल्याचं आठवत मात्र नव्हतं.

एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. वरच्यानं शब्दाशिवाय पाय उचलला होता. असा पाय उचलणारा माणूस एक तर कच्चा असतो. आणि हा कच्चा नव्हता, हे त्यानं तीन चाकांवर पाहिलं होतं. मग दुसरं कारण एकच उरतं. डोमाजी तिथं थांबला. त्यापुढं विचार केला नाही.

आलोक तपासायला आला. पॅडलवर पाय ठेवला, दाबला, भुवया वर केल्या.

"दगडासारखं आहे काकाजी. वर कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

"एकट्यानं? हवा एकट्यानं काढली?"

"एकट्यानं."

आलोकनं ते गोहलपुरात सांगितलं, गोहलपुरानं विहारात सांगितलं. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. डोमाजी खुर्ची टाकून बसायचा, फार बोलायचा नाही. इंजिन सुरू झालं त्या दिवशी धुरानं गल्ली भरली आणि योगेंद्र नाचला. अश्वजीत आला, त्यानं अंगणातल्या अंगणात गाडी पुढं-मागं घेऊन पाहिली. उतरला तो बापाकडं वेगळ्याच नजरेनं पाहत.

"बाबा, मानलं तुम्हाले. ब्रेक तर माझ्या नव्या कारचे पण असे नाहीत."

डोमाजी म्हणाला, "हं." त्या एका अक्षरात त्याचं सगळं आयुष्य होतं.

ग्रीस लावायला तो अजूनही गाडीखाली जायचा. पण आता ओठ मिटून.

६

जयंतीची सकाळ. गाडी धुऊन हिरवीगार झाली होती. पुढं बाबासाहेबांची तसबीर, तिच्याभोवती झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना निळे झेंडे आणि पंचशील ध्वज. अंगणात, फाटकात, फाटकाबाहेर माणसंच माणसं. पांढऱ्या साड्यांतल्या बाया गाडीच्या पुढं ओळीनं उभ्या. त्यांत चंपाबाई आणि सून यशोधरा. बायांच्या पुढं ढोलवाले, त्यांच्या पायांत घुटमळणारी लेकरं. घर रिकामं, खिडक्या उघड्या.

योगेंद्र ताट घेऊन आला. ताटात हार आणि निळा फेटा.

डोमाजीचा हात आपोआप वर झाला. "फेटा नको."

"काहून काकाजी? पूरी बस्ती की इज्जत आहे आज तुमच्या डोक्यावर."

सगळे बघत होते. डोमाजीनं हात खाली घेतला. योगेंद्रनं फेटा बांधला, हार घातला. चंपाबाई दुरून पाहत होती. ती जवळ आली, फेट्याचा शेव सारखा केला आणि हळूच म्हणाली, "हाच होता."

"जा पुढं," डोमाजी म्हणाला. "बायांत उभी राह्य."

तो केबिनमध्ये चढला. जन्मभर खाली राहिलेला माणूस आज वर बसला होता. समोर काचेतून निळा समुद्र दिसत होता. त्यानं इंजिन सुरू केलं. एका आवाजात लागलं. लोकांनी जयजयकार केला. फाटक चार हातांवर. डोमाजीची मान ताठ झाली. एवढी ताठ ती निवृत्तीच्या दिवशीही नव्हती.

"दाब."

आवाज मागून आला, लांबून. डाव्या चाकाजवळून. ढोल होते, इंजिन होतं, तरी स्वच्छ ऐकू आला. खणखणीत, हुकमी, उत्तराची वाट न पाहणारा. हा आवाज कोणाचा, हे कारखान्यातल्या कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

पाय पॅडलवर गेला. डोमाजीनं पाठवला नाही, गेला.

"सोड."

उचलला. घाम आला होता. "दाब." "सोड." लोकांना वाटलं, म्हातारा ब्रेक तपासतो आहे. आलोक बाहेरून कौतुकानं म्हणाला, "देखो, निघायच्या आधी बी चेक करून राहिले."

आवाज मागच्या उजव्या चाकाशी गेला. मग पुढच्या डाव्या. प्रत्येक वेळी सोड आला, वेळेवर आला, आणि प्रत्येक वेळी डोमाजीनं श्वास सोडला. किती नेमकं काम करतो हा, असं नको असतानाही त्याच्या मनात आलं.

मग गोणपाट घासल्याचा आवाज त्याच्या सीटखाली आला.

त्यानं दाराच्या काचेतून खाली पाहिलं. पुढच्या चाकाच्या आडून एक हात बाहेर आला होता. तेलानं काळा, म्हातारा, मनगटापर्यंत. त्यानं जमिनीवरची बाटली चाचपडत घेतली आणि तो आत गेला.

"दाब."

डोमाजीनं दाबलं. पॅडल पत्र्याला टेकलं.

मागं, रिकाम्या घरातून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली. "अवो! ऐकू येते का?"

चंपाबाई समोर होती. काचेपलीकडे, बायांच्या ओळीत, तोंड मिटून त्याच्याकडं पाहत. डोमाजीनं मान वळवली नाही. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोर पाहत राहिला. हाक पुन्हा आली. मग दार वाजलं. मग पायांचा आवाज. मग गोणपाट घाईनं घासलं, बाटली लवंडली, आणि गाडीखाली शांत झालं.

"बाबा," अश्वजीत दाराशी आला. "चला ना. सगळे थांबले आहेत."

"थांब."

"काय झालं?"

"खालून शब्द येऊ दे."

निपल कसला होता की नव्हता, ते त्याला हवा काढली त्या दिवशीही आठवलं नव्हतं. पाय उचलावा आणि नळीत हवा जावी. समोर ढोलाच्या तालावर अख्खी बस्ती, लेकरं, पांढऱ्या साड्या. अशी गाडी डोमाजी मेश्राम चालवणार नाही. त्यानं ओठांतल्या ओठांत स्वतःच म्हणून पाहिलं, सोड. पाय हलला नाही. पायाला माहीत होतं, हा हुकूम कोणत्या बाजूनं यायचा असतो.

अश्वजीत गुडघे टेकून वाकला, गाडीखाली पाहिलं आणि उठला. "बाबा, खाली कोणी नाही."

"माहीत आहे मले. गेला तो."

"कोण गेला? कुठं?"

"चहा प्यायला."

घराच्या उघड्या खिडकीतून गॅस पेटल्याचा आवाज आला. मग आल्याचा वास. डोमाजीनं पाठ सरळ केली, फेटा सावरला, पाय आणखी घट्ट रोवला. चहा उकळायला किती वेळ लागतो, प्यायला किती लागतो, ते त्याला ठाऊक होतं. आणि त्यानंतर पॅडल वर आलेलं असतं, हेही ठाऊक होतं.

समोर ढोल वाजत होते. फाटक उघडं होतं.

शब्दाशिवाय पाय एक तर कच्चा माणूस उचलतो, नाही तर पायातला जीव गेला की तो सुटतो. आणि डोमाजी कच्चा माणूस नव्हता.